मागची खोली वन्संची

रोज सकाळी मी दिव्यात दोन चमचे तेल घालते. वात पुढे सरकवते, काडी ओढते, हात जोडते आणि मग ते तेल संपेपर्यंत बोलत नाही. दोन चमचे तेल साधारण नऊ वाजेपर्यंत पुरतं. कुठे बाहेर असले, दिवा जवळ नसला, तर घड्याळातले नऊ हाच माझा दिवा.

अडतीस वर्षं झाली या गोष्टीला. आमचा मुलगा चार वर्षांचा होऊन गेला तरी बोलत नव्हता. ऐकू सगळं यायचं, हसायचा, बोट धरून ओढत नेऊन हवं ते दाखवायचा, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणायचे, थांबा. शेजारी म्हणायचे, थांबता काय? एका सकाळी मी दिव्यापुढे बसून म्हटलं, देवा, माझे सकाळचे शब्द तू घे आणि त्याला दे, मला उरलेल्या दिवसाचे पुरतील. सातव्या महिन्यात तो बोलला. पहिला शब्द 'आई' नव्हता, 'आत्या' होता. साहजिकच होतं म्हणा. सकाळभर मी गप्प आणि त्याच्याशी बोलायला घरात वन्सं. नवस माझा आणि फळ त्यांच्या ओंजळीत. तेव्हा जरा टोचलं होतं, खोटं कशाला बोलू? आता तो दूरच्या गावी असतो आणि इतका बोलतो, की त्याचा फोन कानाला लावून माझी भाजी निवडून होते, तरी त्याची प्रस्तावनाच चालू असते.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्या, याची तार त्याला जोडून दिली. हे सुतार होते, दारंखिडक्या करायचे. घर बांधलं तेव्हा लाकूड ह्यांचं आणि विटा वन्संच्या पगाराच्या. पण कागदावर नाव एकट्या ह्यांचं लागलं, कारण सह्या करायच्या दिवशी वन्संची ड्यूटी होती आणि त्यांना सुट्टी मिळाली नाही. इतकं साधं कारण. पुढे कधीतरी लावू नाव, असं म्हणता म्हणता हे गेले, आणि घर माझ्या नावावर आलं.

सकाळी मी बोलत नाही तेव्हा माझ्या वाटचं वन्सं बोलतात. दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी, फोनवर, दारावर. मी नुसती भुवई उचलते आणि त्या पूर्ण वाक्य बोलतात. "वहिनी, तू फक्त नंबर फिरव," त्या म्हणतात, "जोडून मी देते." ह्यांना माझं बोललेलंसुद्धा जेवढं कळलं नाही, तेवढं वन्संना न बोललेलं कळतं. मला त्या सकाळी पाण्याखालच्या वाटतात. खिडकीतून उजेड येतो, भिंतीवर हलतो, भांडी वाजतात तीही लांबून वाजल्यासारखी. त्या पाण्यात एकच आवाज असतो, तो वन्संचा, आणि तो माझाच आहे असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय.

या वर्षी माझ्या हृदयाची झडप बदलायची ठरली. तारीख मिळाली सोमवारची. त्याच्या आदल्या आठवड्यात मुलाने पाकीट पाठवलं. आत बक्षीसपत्र होतं. घर आत्ताच त्याच्या नावावर करायचं, मी फक्त सही करायची. फोनवर म्हणाला, "आई, घाबरवत नाही हं. पण नंतरची धावपळ वाचते. तू तिथेच राहायचंस, आत्या तिथेच राहायची. काही म्हणजे काही बदलत नाही."

मुलगा सोन्यासारखा आहे. मी पाकीट उशीखाली ठेवलं आणि झोपले.

स्वप्नात हे आले. कानावर पेन्सिल, हातात पेचकस. घर पाण्यावर तरंगत होतं, होडीसारखं, आणि ह्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. एकेका दाराच्या बिजागऱ्या काढत होते, दार उतरवून भिंतीला टेकवून ठेवत होते. पुढचं दार उतरवलं, मागे रस्ता होता. स्वयंपाकघराचं उतरवलं, मागे स्वयंपाकघर होतं. मग मागच्या खोलीचं उतरवलं, वन्संच्या खोलीचं, आणि मागे नुसती भिंत होती. गुळगुळीत, रंगवलेली. मी विचारलं, "अहो, खोली कुठे गेली?" तर म्हणाले, "खोली होती कुठे? मी दारच बसवलं होतं." आणि पेन्सिल शोधायला लागले, कानावरचीच.

जाग आली ती पहाटे. वन्संच्या खोलीच्या दारापाशी जाऊन मी हात लावून पाहिला. आतून त्यांचं घोरणं ऐकू आलं. इतकं गोड वाटलं ते, काय सांगू.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत गुरुवारी दुपारी एक वकीलबाई बसतात. ज्येष्ठांना कायद्याचा आणि पैशांचा सल्ला देतात. बाईंना कायम सर्दी. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिलींचा पेला आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी. समोर बसणाऱ्यालाही एक गोळी देतात, मग तोंड उघडतात. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे?"

"सोन्यासारखा."

"मग सोनं तिजोरीत राहू द्या. यावर सही केलीत की त्या क्षणापासून तुम्ही स्वतःच्या घरात पाहुण्या. पाहुणचार उत्तम होईल, मी नाही कुठे म्हणते? पण पाहुण्याच. जिवंतपणी सगळं देऊन हात रिकामे करायचे नाहीत, आजी. हात रिकामे झाले की लोक नमस्कारसुद्धा घाईत करतात."

मग मी वन्संचं सांगितलं. विटांचं, ड्यूटीचं, न लागलेल्या नावाचं. स्वप्नाचंही सांगणार होते, पण मागे दोन म्हातारे नंबर लावून बसले होते.

"मुलगा म्हणतो, आत्या आपलीच आहे," मी म्हटलं.

"कागदावर 'आपली' असा रकाना नसतो," बाई म्हणाल्या. "मुलगा काढणार नाही त्यांना. पण उद्या त्याच्यावर वेळ आली, घर विकावं लागलं, घेणारा येईल तो तुमची आपुलकी विकत घेणार नाहीये. मृत्युपत्र करा. घर मुलाला. पण मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, यांत नणंदबाईंना मरेपर्यंत राहण्याचा हक्क. तोवर कोणी विकलं तरी त्यांना उठवता येणार नाही. आणि बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दारात पार्सल घ्यायला उभा राहतो ना, तो. पार्सल कोणाचं ते मृत्युपत्रात लिहा."

मला ते पार्सलचं फार पटलं. घरी येऊन वन्संना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. त्यांना काही सांगायचंच नव्हतं. त्या म्हणाल्या असत्या, मला कागद कशाला, मी काय भाडेकरू आहे? आणि रुसून बसल्या असत्या. वन्संचा रुसवा म्हणजे एक्स्चेंजचा संप, चारी दिशांच्या तारा बंद.

बाईंनी शनिवारची सकाळ दिली, आठ वाजता. त्या दिवशी डॉक्टर येणार, माझी बुद्धी शाबूत आहे असं लिहून देणार. साक्षीदार म्हणून वाचनालयातले दोघं. डॉक्टरांना पावणेनऊला दवाखाना गाठायचा असतो, आणि बाई स्वतः दुपारच्या गाडीने पंधरा दिवस बाहेर जाणार. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "एकट्या या."

मी हो म्हटलं. माझं नऊपर्यंतचं मौन मी त्यांना सांगितलं नाही. सही हाताने करायची असते, तोंडाचं काय काम? असं मला वाटलं. आणि वन्संना बरोबर नेलं, कारण त्या बरोबर असताना मी एकटी नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं, की ऑपरेशनच्या आधीचे काही कागद आहेत.

शनिवारी पहाटेपासून धुकं होतं. दिव्यात तेल घालताना हात थांबला. एकच चमचा घातला तर आठच्या आत संपेल, असं मनात आलं. माझी मलाच लाज वाटली. देवाशी असा चमच्याचा व्यवहार करायचा? दोन चमचे घातले, वरून दोन थेंब जास्तच. दिवा कोनाड्यात नीट ठेवला आणि आम्ही निघालो. रस्त्यात समोरचं काही दिसत नव्हतं. दिव्यांचे खांब पाच पावलांवर आल्यावरच खांब व्हायचे, तोवर नुसते पिवळे डाग. वन्संनी माझा हात धरला होता आणि त्या धुक्याशी बोलत होत्या, "हा पत्रपेटीचा कोपरा, ही पायरी, सांभाळ, एक कुत्रं झोपलंय." आपण दोघी कुठेच चाललो नाही आहोत, आपल्याभोवती गाव हळूहळू सरकवलं जातंय, असं मला वाटत होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत डॉक्टर घड्याळाकडे बघत बसले होते. तरुण, नीटनेटके, बुटाला जराही धूळ नाही. साक्षीदार म्हणून पुस्तकं देणारे काका आणि झाडणाऱ्या मावशी भिंतीशी उभे. वकीलबाई नाक पुसत कागद लावत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"बसा, आजी," डॉक्टर म्हणाले. "आज वार कोणता?"

मी भुवई उचलली.

"शनिवार," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "मी यांना विचारतोय."

"मी त्यांचंच सांगतेय. त्यांचं मौन असतं नऊपर्यंत. तुम्ही विचारा निवांत, मी देते जोडून."

"नऊपर्यंत मला नाही थांबता येणार. वय किती?"

"अडुसष्ट. दिसत नाही तेवढी, पण आहे."

झाडणाऱ्या मावशींना हसू आलं. वकीलबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "या कोण?"

"मी नणंद," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली.

बाईंचा चेहरा पाहिला आणि मला तेव्हा कुठे कळलं, की 'एकट्या या' म्हणजे काय. ज्याला मिळायचंय त्याने देणाऱ्याच्या तोंडून बोलायचं नसतं. आणि इथे देणारीला तोंडच नव्हतं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, जरा थांबा." पण डॉक्टरांचं डोकं घड्याळात होतं, त्यांचा शेवटचा प्रश्न निघून गेला होता.

"आजी, एवढंच सांगा. घर कोणाला द्यायचं ठरवलंत?"

"मुलाला," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सगळं मुलाला. दुसरं आहे कोण?"

किती आनंदाने म्हणाल्या. हसून, सरळ, सवयीने तार जोडावी तसं. माझी भुवई हललीच नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मी न फिरवलेला नंबर लावून दिला, आणि त्या नंबरावर त्यांचं स्वतःचं छप्पर गेलं. डॉक्टर लिहायला लागले. पेनची निब कागदावर कुरकुरत होती. मला ते दार दिसलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि मागची ती रंगवलेली भिंत. हे पेन्सिल शोधत होते. लांब घरी कोनाड्यात माझा दिवा जळत होता, तोही दिसला. टेबलावर कागद होता, पेला भरून पेन्सिली होत्या. लिहूनही देता आलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

"वन्सं," मी म्हटलं, "जरा गप्प बसा."

बाईंच्या तोंडातली गोळी दातावर वाजलेली ऐकू आली. माझा सकाळचा आवाज मी अडतीस वर्षांत ऐकला नव्हता. तो जाड, जुना, माझ्या आईच्या आवाजासारखा निघाला. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. एक्स्चेंजमध्ये मधेच कोणी अनोळखी माणूस तारेवर यावा, तसं.

"आज शनिवार," मी म्हटलं. "परवा माझं ऑपरेशन आहे. घर मुलाचं. पण मागची खोली वन्संची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरसुद्धा. त्या आहेत तोवर त्यांना कोणी उठवायचं नाही. मुलाने नाही, मुलाकडून घेणाऱ्याने नाही. विटा त्यांच्या आहेत."



वकीलबाई उठल्या, वन्संच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दाराबाहेरच्या बाकावर बसवून आल्या, दार लावलं आणि मला म्हणाल्या, "आता पुन्हा. पहिल्यापासून. खोलीत आम्हीच आहोत." मी पुन्हा सांगितलं. मोडलेलं व्रत अर्धंच मोडून काय करायचं? वार सांगितला, वय सांगितलं, बँकेचं सांगितलं, दवाखान्यात मी शुद्धीवर नसताना सही कोणी करायची तेही सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं, साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. काकांनी सही केली ती पुस्तकाच्या नोंदीसारखी, खाली तारीख, दोन रेघा. पावणेनऊला पाच मिनिटं कमी होती.

येताना धुकं विरळ झालं होतं. वन्सं बोलत नव्हत्या. पायरी आली तरी सांगितलं नाही, मी अडखळले. "अहो, काहीतरी बोला," मी म्हटलं. त्यांनी भुवई उचलली. त्यांना माझ्या भुवया अक्षरासारख्या वाचता येतात, आणि मला त्यांची ही एक वाचता येईना. राग होता, की दुसरं काही, की नुसतं धुक्याचं पाणी पापणीवर होतं? मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढंच कळलं.

घरात आलो तर कोनाड्यात दिवा जळतच होता. संथ, काही न घडल्यासारखा. मी त्याच्यापुढे बसले आणि मला भीती वाटली. खुळीच भीती, पण खरी. सकाळचे शब्द मी देवाला देऊन टाकले होते, त्यातले आज परत घेतले. देवाने ते ज्याला दिले होते, त्याच्याकडून काढून घेतले तर?

तेवढ्यात फोन वाजला. शनिवारी सकाळी मुलाचा फोन येतो. सकाळी वन्संशी बोलतो, दुपारी पुन्हा माझ्याशी. वन्सं खुर्चीत बसून होत्या. उठल्या नाहीत. फोन वाजत राहिला, शेवटी मीच उचलला.

"आत्या, ऐक ना..." त्याने सुरुवात केली.

"मी बोलतेय," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. बक्षीसपत्रावर सही केली नाही. मृत्युपत्र केलं. घर तुझं, पण मागची खोली आत्याची, ती आहे तोवर. घराच्या विटा तिच्या पगाराच्या आहेत.

पलीकडून काही आलं नाही. मी थांबले. तो गप्प होता. बोट धरून नेऊन दाखवायचा त्या वयातला गप्पपणा मला फोनच्या त्या टोकाला ऐकू येत होता. दिव्याची ज्योत जरा खाली बसली होती. माझ्या छातीतली ती जुनी झडप उघडझाप करत होती, कशीबशी. मी मनात म्हटलं, देवा, खोली राहू दे आणि याचं बोलणंही राहू दे. दोन्ही मागतेय, जास्त होतंय, पण मागतेय.

"आई," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "तू सकाळी बोलतेयस."

"हो रे."

"मी सकाळी तुझा आवाज कधी ऐकलाच नव्हता." मग विचारलं, "मी आत्याला घराबाहेर काढीन असं वाटलं तुला?"

"तुझ्याबद्दल नाही वाटलं. तुझ्यानंतर येणाऱ्यांबद्दल वाटलं. त्यांना मी ओळखत नाही."

त्याने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग म्हणाला, "ते पाकीट फाडून टाक. मला सुचायला हवं होतं. विटांचं मला ह्यापूर्वी कोणी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही, म्हणजे बघ, घर माझं माझं म्हणत होतो आणि ते कशाचं आहे हेसुद्धा..." आणि तो बोलायला लागला. धबधबा. मी डोळे मिटून ऐकत होते, शब्द कळत नव्हते, नुसतं कानावर पडत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आत्याला दे ना फोन."

मी रिसीव्हर वन्संच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, पाठ ताठ केली, तीस वर्षं करत होत्या तशी. खोलीत तेलाच्या धुराचा वास आला. दिवा कधी विझला ते आम्ही दोघींनीही पाहिलं नव्हतं.

"हॅलो, बोला," वन्सं म्हणाल्या. मग थोडा वेळ ऐकून, डोळे पुसत, "नाही रे बाबा, रडत नाहीये. नाही, तुझी आई इथेच आहे, छान बोलतेय. मीच गप्प आहे. तिने सांगितलंय."